बाकावरचा पगार

बसून मिळणारा पैसा खेळाडूला फार महाग पडतो. हे वाक्य आमच्या कोल्हारात चटकन कुणाला पटायचं नाही. प्रवराकाठचा माणूस हिशेबाचा पक्का. ऊस कारखान्याला गेला की पहिली उचल किती, डेअरीला दूध घातलं की फॅटला दर काय, पोरगं नोकरीला लागलं की हातात किती पडतात, हे त्याला आधी कळायला हवं असतं. म्हणून एखादा फुटबॉलपटू बड्या क्लबातली भरपगारी राखीव जागा सोडून लहान क्लबात खेळायला निघाला, की स्टँडवरच्या टपरीपासून घरच्या ओट्यापर्यंत एकच सूर लागतो: बसल्या जागी पैसे मिळत होते, याला कुठून अवदसा आठवली?

माझं उत्तर सरळ आहे. त्या पोराला अक्कल आली. पंचविशीच्या आगेमागे असलेल्या खेळाडूने खेळायला मिळेल तिथेच जावं, पगार कमी असला तरी. ज्याने विसाव्या-बाविसाव्या वर्षी बाकाचा पगार निवडला, त्याने उमेदीची वर्षं विकली, आणि बहुतेक वेळा स्वस्तात विकली.

आधी बाकाचा हिशेब मांडू. मैदानात अकरा जण उतरतात. पूर्वी सामन्यात तीन बदल करता येत. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ते पाच झाले आणि २०२२ मध्ये तो नियम कायम झाला. म्हणजे नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका संघाचे साधारणपणे सोळा जण खेळणार. प्रीमियर लीगच्या क्लबाची मुख्य यादी पंचवीस जणांची असते. उरलेले नऊ जण बघत बसतात. क्लब त्यांना पैसे मोजतो ते तयार राहण्याचे. पहिला गोलकीपर जखमी झाला आणि मोसम हातचा गेला, तर होणारं नुकसान राखीव गोलकीपरच्या पगारापेक्षा कितीतरी मोठं असतं. क्लबाच्या बाजूने व्यवहार चोख आहे. खेळाडूच्या बाजूने तो चोख आहे का, हे त्याच्या वयावर ठरतं.

स्कॉट कार्सन नावाचा इंग्लिश गोलकीपर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीत गेला, तेव्हा तिशी ओलांडून चार वर्षं होत आली होती. तोवर तो शेकडो सामने खेळला होता, इंग्लंडकडूनही खेळला होता. सिटीत सहा वर्षांत त्याला दोन सामने मिळाले. तिसरा गोलकीपर म्हणून तो रोज सरावाला उभा राहिला, तरुण गोलकीपरांना हात देत राहिला, २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघात राहिला. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. आयुष्यभर खेळून झाल्यावर अनुभवाचा पगार घेणं हे सरळ, स्वच्छ काम आहे.

पण तोच क्लब आणि केल्विन फिलिप्स बघा. लीड्सचा हा मिडफिल्डर २०२० च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या प्रत्येक सामन्यात खेळला. २०२२ मध्ये सिटीने त्याला चार कोटी पौंडांहून अधिक मोजून नेलं. वय सव्वीस, कारकिर्दीचा ऐन भर. पहिल्या मोसमात त्याला लीगमध्ये सुरुवातीच्या अकरात फक्त दोनदा जागा मिळाली. मग उसना म्हणून वेस्ट हॅम, मग इप्सविच. २०२४ च्या युरोसाठी इंग्लंडचा संघ निघाला तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. पगार भरपूर होता. हातातून गेलं ते त्या पगारात विकत मिळत नाही.

आणि विन्स्टन बोगार्ड. हॉलंडचा हा बचावपटू २००० मध्ये चेल्सीत आला, चार वर्षांच्या करारावर. आठवड्याला चाळीस हजार पौंड मिळतात असं तेव्हा छापून येत होतं. चार वर्षांत तो लीगचे नऊ सामने खेळला. क्लबाला तो नको होता, त्याने करार सोडला नाही. कायद्याने तो बरोबर होता आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण करार संपला तेव्हा खेळाडू म्हणूनही तो संपलेला होता.

आता उलटी बाजू. एमिलियानो मार्टिनेझ २०१० मध्ये, सतरा वर्षांचा असताना, आर्सेनलमध्ये आला. दहा वर्षं तो या क्लबाकडून त्या क्लबाकडे उसना फिरला. जून २०२० मध्ये पहिला गोलकीपर लेनो जखमी झाला आणि मार्टिनेझला जागा मिळाली. त्याने एफए कप जिंकून दिला. पण पुढच्या मोसमात पहिली जागा तुझीच, अशी हमी मिळेना. तो सप्टेंबरमध्ये उठला आणि ॲस्टन व्हिलात गेला. हा क्लब त्याआधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला होता. नऊ महिन्यांत त्याने अर्जेंटिनाकडून पदार्पण केलं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. २०२१ मध्ये कोपा अमेरिका, २०२२ मध्ये विश्वचषक, आणि त्या विश्वचषकातला सर्वोत्तम गोलकीपर. तो आर्सेनलमध्येच बसून राहिला असता तर अर्जेंटिनाच्या निवडकर्त्यांनी त्याला पाहिलं कुठे असतं?

कुणी म्हणेल, सराव तर रोज होतोच की. होतो. पण सरावात समोर आपलाच सोबती असतो, तो पाय आखडता घेतो. सत्तराव्या मिनिटाला दमलेले पाय, एका गोलाने मागे असताना घ्यायचा निर्णय, चूक झाल्यावर हजारो लोकांसमोर पुढची वीस मिनिटं तोंड वर करून खेळणं, हे सरावात येत नाही. क्रॉस आला की गोलकीपरने पुढे झेप घ्यायची की रेषेवर थांबायचं, हा अंदाज सामन्यात बसतो आणि सामने थांबले की सुटतो. आपल्या यात्रेतल्या हगाम्यात जोड लागल्याशिवाय पैलवानाला इनाम मिळत नाही. तालमीत जोर-बैठका किती मारल्या हे तिथे कुणी विचारत नाही. फुटबॉलचंही तेच.

आणि लांबची उदाहरणं नको असतील तर कोल्हारच्या शेजारी बघा. एका बाजूला श्रीरामपूर, तिथे झहीर खानचा जन्म. दुसऱ्या बाजूला आश्वी खुर्द, तिथे अजिंक्य रहाणेचा. दोघे क्रिकेटचे, पण हा पेच दोघांच्याही वाट्याला आला.

झहीर २००६ च्या सुरुवातीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर संघाबाहेर गेला. वय सत्तावीस. नाव झालेलं होतं, बोर्डाच्या बोलावण्याची वाट बघत थांबता आलं असतं. तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडे गेला, काउंटीच्या दुसऱ्या श्रेणीत. भारतासाठी विश्वचषकाची अंतिम लढत खेळलेला गोलंदाज दुसऱ्या श्रेणीत जाऊन आठवड्यामागून आठवडे चेंडू टाकत राहिला आणि मोसमात ७८ बळी घेऊन परतला. वर्षाअखेरीस तो दक्षिण आफ्रिकेत भारताकडून पुन्हा गोलंदाजी करत होता. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने नऊ बळी घेतले आणि भारताने ती कसोटी आणि मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. श्रीरामपूरच्या या माणसाने खाली उतरून खेळण्यात कमीपणा मानला नाही, म्हणून तो वर गेला.

रहाणेचं उदाहरण जरा वेगळं, आणि माझ्या मताला तपासून बघणारं. नोव्हेंबर २०११ मध्ये तो कसोटी संघात आला आणि पहिली कसोटी खेळला मार्च २०१३ मध्ये, दिल्लीत. सोळा महिने संघासोबत राहिला, ड्रिंक्स नेली, वाट बघितली. मग कुणी म्हणेल, बघा, थांबला आणि मिळालं. पण त्या सोळा महिन्यांत तो नुसता थांबला नव्हता. मुंबईकडून रणजी खेळत होता. २०१२ च्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून त्याने साडेपाचशेवर धावा केल्या, त्यात एक शतक. दिल्लीतल्या पहिल्या कसोटीत ७ आणि १ झाल्या, तरी वर्षाअखेरीस डर्बनला नाबाद ५१ आणि ९६, पुढे वेलिंग्टनला शतक, लॉर्ड्सला शतक. पुढे २०२२ मध्ये संघाबाहेर गेल्यावरही त्याने तोच रस्ता धरला, मुंबईकडून धावा केल्या आणि २०२३ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात परत येऊन ८९ केल्या. राखीव राहायला माझी हरकत नाही. राखीव राहून दुसरीकडे न खेळण्याला आहे.

तिसरं उदाहरण अर्जुन तेंडुलकरचं. २०२१ आणि २०२२, आयपीएलचे दोन मोसम तो मुंबई इंडियन्ससोबत होता, सामना एकही मिळाला नाही. मुंबईच्या रणजी संघातही अकरात जागा मिळेना. मुंबईच्या संघात नाव असणं म्हणजे केवढा मान! पण त्याने २०२२ मध्ये मुंबई सोडली आणि गोव्याकडून खेळायचं ठरवलं. डिसेंबरात पर्वरीला राजस्थानविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात १२० धावा केल्या. पुढच्या एप्रिलमध्ये आयपीएलचं पदार्पण झालं. तो किती मोठा खेळाडू होईल याच्याशी या मुद्द्याचा संबंध नाही. सचिनच्या मुलालाही जर मैदान मिळवायला घर सोडावं लागतं, तर आपल्या पोरांनी नावाजलेल्या संघाच्या बाकाला कवटाळून का बसावं?

क्रिकेट बोर्डाने तर खेळण्याची आणि बसण्याची किंमत आकड्यांत मांडून दाखवली आहे. २०२१ च्या दरपत्रकात रणजीचा अनुभवी खेळाडू अकरात असेल तर दिवसाला ६०,००० रुपये, राखीव असेल तर ३०,०००. आयपीएलमध्ये २०२५ पासून प्रत्येक खेळलेल्या सामन्यामागे साडेसात लाख रुपये वेगळे. ३० लाखांच्या किमान बोलीवर घेतलेला पोरगा साखळीतले चौदाही सामने खेळला तर वर आणखी एक कोटी पाच लाख कमावतो. बसून राहिला तर ३० लाखांवरच थांबतो. ही पद्धत मला मान्य आहे. खेळण्याचं मोल बसण्याहून जास्त असलंच पाहिजे. फुटबॉलच्या करारातही मूळ पगाराइतकंच लक्ष सामन्यामागच्या रकमेवर द्यायला हवं, आणि आपल्या क्लबांनी ती रक्कम मन मोठं करून ठेवायला हवी.

आता मुळावर येतो. जाऊ म्हटलं तरी जायचं कुठे? २००९-१० मध्ये देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग होती आय-लीग, आणि तिच्यात चौदा संघ होते. त्यात महाराष्ट्राचे चार: महिंद्रा युनायटेड, मुंबई एफसी, एअर इंडिया, पुणे एफसी. गोव्याचे चार: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर, स्पोर्टिंग. चौदांपैकी आठ! एका क्लबात जागा नाही मिळाली तर मराठी किंवा गोवेकर पोराने दादरला गाडी पकडून दुसऱ्या क्लबात जावं, इतकं ते जवळ होतं. मग २०१० मध्ये महिंद्रा बंद झाला, २०१५ मध्ये पुणे एफसी गेला, २०१७ मध्ये मुंबई एफसी. एअर इंडियाही त्या लीगमधून गेला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. आयएसएलमध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. आज देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दोन संघ आहेत, मुंबई सिटी आणि एफसी गोवा. आठावरून दोनावर आलो. पोरं बाकावर का बसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेल्या अर्ध्यातला एक भाग परदेशी खेळाडूंचा. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. ते २०१७ मध्ये पाचांवर आणि २०२१ मध्ये चारांवर आले. पण क्लब त्या जागा बहुतेक वेळा गोल करणाऱ्यांवर खर्चतात. मग भारतीय स्ट्रायकर कुठे बसतो? बाकावर. आणि आम्ही वर्षानुवर्षं विचारतो, सुनील छेत्रीनंतर कोण?

छेत्रीनेच काय केलं ते सांगतो. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला. तिथल्या मुख्य लीगमध्ये त्याला मैदान मिळालं नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये गेला. तिथे राखीव संघात मोजके सामने मिळाले. युरोपातल्या नामांकित क्लबाचा शर्ट अंगात होता. तो तिथून उठून २०१३ मध्ये गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडे उसना आला, आणि त्याच मोसमात चर्चिलने आय-लीग जिंकली. मग बेंगळुरू, आणि पुढे भारतासाठी नव्वदहून जास्त गोल. युरोपात जाणं धाडसाचं होतंच. वेळेवर परत येणं जास्त धाडसाचं होतं.

तरुणांना मैदान द्यायची एक चांगली योजना आपल्याकडे होती. फुटबॉल महासंघाने 'इंडियन ॲरोज' नावाचा संघ काढला, त्यात फक्त भारतीय तरुण, आणि तो आय-लीगमध्ये उतरवला. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातून आलेली पोरं त्यात होती, कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. त्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. हा संघ बऱ्याचदा हरला, तळाला राहिला, पण पोरं नव्वद नव्वद मिनिटं खेळली. २०२२ मध्ये महासंघाने तो बंद केला. माझ्या मते ही गेल्या काही वर्षांतली मोठी चूक आहे. तो संघ पुन्हा उभा करा, आणि जमलं तर कोल्हापूरला ठेवा. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते, ती बघून कुठल्याही पोराचे पाय आपोआप पळायला लागतील.

करार करण्याआधी पोराने आणि त्याच्या घरच्यांनी काय विचारावं, हेही सांगून टाकतो. माझ्या जागेवर आत्ता कोण खेळतो, त्याचं वय किती आणि त्याचा करार किती वर्षांचा? मुख्य संघात जागा नसेल तर राखीव संघाचे सामने किती, आणि त्यात मला खेळवणार का? सहा महिन्यांत संधी मिळाली नाही तर दुसऱ्या क्लबाकडे उसना पाठवाल, हे कराराच्या कागदावर लिहून द्याल का? तोंडी शब्दावर राहू नये. क्लबाचा प्रशिक्षक बदलला की तोंडी शब्द त्याच्यासोबत जातो.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. फिफाच्या नियमांत, पंधराव्या कलमात, बाकावर सडणाऱ्यासाठी सोय आहे. प्रशिक्षणाचा काळ पूर्ण केलेला व्यावसायिक खेळाडू मोसमात क्लबाच्या दहा टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळला असेल, तर मोसमातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर पंधरा दिवसांच्या आत तो करार मोडू शकतो. चोवीस सामन्यांच्या मोसमात याचा अर्थ दोन किंवा त्याहून कमी. भरपाई द्यावी लागू शकते, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जातं, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. पण खेळायला न मिळणं ही खेळाडूची रास्त तक्रार आहे, हे जागतिक संघटनेने कागदावर मान्य केलं आहे. आपल्याकडे मात्र अशी तक्रार करणाऱ्याला माजला म्हणतात.

आता ज्याला नाइलाज आहे त्याच्याबद्दल. एखाद्याच्या घरात कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, बापाची जमीन गहाण आहे. त्याने जास्त पैशाचा बाक निवडला तर त्याला दोष देणारा मी कोण? फुटबॉलपटूची कारकीर्द आखूड असते, गुडघा एका टक्करीत जातो. त्याने पैसे घ्यावेत. फक्त करार एका वर्षाचा करावा, पैसे घरी लावावेत आणि वर्ष संपताच मैदान शोधावं. एक वर्ष भरून काढता येतं. तीन वर्षं भरून येत नाहीत.

क्लबांनाही सांगणं आहे. तीस-तीस पोरं गोळा करून ठेवायची, प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत एवढ्यासाठी, आणि त्यांना खेळवायचं नाही, हा पोरांच्या आयुष्याशी खेळ आहे. फिफाने २०२२ पासून उसनवारीवर मर्यादा घातली ती याच साठेबाजीला आळा बसावा म्हणून. आपल्या महासंघाने आणि महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेने, विफाने, त्याच्या पुढे जावं: बावीस वर्षांखालच्या प्रत्येक करारबद्ध खेळाडूला मोसमात ठरावीक मिनिटं, मुख्य संघात, राखीव संघात किंवा दुसऱ्या क्लबात, मिळालीच पाहिजेत असा नियम करावा. ज्या क्लबाला ते जमत नाही त्याने त्या पोराला मोकळं करावं.

आणि कोल्हार, लोणी, राहाता, श्रीरामपूरच्या आईबापांना हात जोडून विनंती. तुमचं पोरगं फुटबॉलमध्ये असो, क्रिकेटमध्ये असो, कबड्डीत असो. मोठ्या संघात निवड झाली की पेढे जरूर वाटा. पण फोनवर त्याला पगार किती झाला हे विचारण्याआधी, या महिन्यात किती मिनिटं खेळलास, हे विचारा. उत्तर सलग दोन मोसम शून्य आलं, तर त्याला परत बोलवा आणि खेळायला मिळेल त्या लहान संघात पाठवा. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या.